दोष रक्ताचा नाही: रसायनांतील काम, जनुके आणि कॅन्सरचा हिशोब

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कामावरून काढण्याच्या नियमांची. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता या गोंगाटात मागे पडली. कापडे परिसरात आणि पोलादपूर-महाडच्या वाड्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना मात्र हीच संहिता सर्वांत जवळची वाटते. कारण इथला तरुण मुंबईला गेला नाही तर महाड एमआयडीसीत जातो, आणि महाड एमआयडीसी म्हणजे प्रामुख्याने रसायने: औषधांचा कच्चा माल, रंग, कीटकनाशके, सुगंधी द्रव्ये.

या वसाहतीची बातमी होते ती आग लागल्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लू जेट हेल्थकेअर या कारखान्यात स्फोट आणि आग झाली, कामगारांचे जीव गेले, तेव्हा राज्यभरातले कॅमेरे महाडला आले. स्फोटाला तारीख असते, पंचनामा असतो, मदतीची घोषणा असते. कामाच्या जागी रोज थोडे थोडे अंगात जाणारे रसायन पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर देते, तेव्हा यातले काहीच नसते. माणूस घरी असतो, कंपनी बदललेली असते, ठेकेदार कुठे आहे ते माहीत नसते.

मग वाडीत कारणे शोधली जातात. पहिले कारण तंबाखू. दुसरे नशीब. आणि अलीकडे तिसरे ऐकू येते: "जेनेटिक आहे." हा शब्द शास्त्रीय वाटतो म्हणून त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. आम्हाला वाटते, तो विचारायला हवा. जनुकांचा कॅन्सरशी संबंध नाही असे आमचे म्हणणे नाही. संबंध आहे. पण तो काय आहे आणि काय नाही, हे आपल्या तरुणांना नीट माहीत नसेल तर कंपनीच्या जबाबदारीचे ओझे पुन्हा एकदा आपल्या जन्मावर टाकले जाईल.

अडीचशे वर्षांचे ज्ञान

कामातून कॅन्सर होतो ही गोष्ट नवी नाही. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी दाखवले की धुरांडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे अंडकोषाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. १८९५ मध्ये जर्मनीतील लुडविग रेन या डॉक्टरांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर नोंदवला. पुढे कारण सापडले: रंग बनवताना वापरली जाणारी ॲरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे बेंझिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारखी रसायने.

आज जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था ज्या पदार्थांमुळे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झाले आहे, त्यांची यादी ठेवते. तिच्या पहिल्या गटात बेंझिन आहे, बेंझिडीन आहे, ऑर्थो-टोलुइडीन आहे, फॉर्मल्डिहाइड, इथिलीन ऑक्साइड, व्हिनाइल क्लोराइड, सहा-संयुजी क्रोमियम आणि ॲस्बेस्टॉस आहे. बेंझिनने रक्ताचा कॅन्सर होतो, ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचा आणि छातीच्या आवरणाचा, ॲरोमॅटिक अमाइन्सने मूत्राशयाचा.

ही माहिती असूनही बंदी कशी येते, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीने १९९४ मध्ये घातक ॲझो रंग वापरलेल्या कापड-चामड्यावर निर्बंध आणले. त्यानंतर १९९७ मध्ये भारत सरकारने अनेक ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. क्रम लक्षात घ्यावा. जर्मन गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या शर्टाचा प्रश्न आला तेव्हा हालचालींना वेग आला. तोच रंग बनवणाऱ्या भारतीय कामगाराच्या मूत्राशयाचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता.

मग एकालाच का होतो?

वाडीत हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: एकाच प्लांटमध्ये दहा जण वीस वर्षे राबले, मग कॅन्सर एकालाच का झाला? प्रश्न योग्य आहे, आणि इथेच जनुकांचा भाग येतो.

शरीरात शिरलेले रसायन बाहेर टाकण्यासाठी यकृत त्यावर प्रक्रिया करते. हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम्स, करतात आणि ती बनवण्याची सूचना जनुकांत असते. 'नॅट-२' नावाचे असेच एक जनुक आहे. काही लोकांमध्ये त्याचे विकर जलद काम करते, काहींमध्ये मंद. ज्यांच्यात ते मंद आहे, त्यांच्या शरीरात काही ॲरोमॅटिक अमाइन्स निकामी व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांची घातक रूपे लघवीवाटे मूत्राशयात पोहोचतात आणि तिथल्या पेशींच्या डीएनएला चिकटतात.

१९८२ मध्ये ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर अशा रंगरसायनांशी संबंध आलेल्या आणि मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या २३ जणांपैकी २२ जण मंद गटातले निघाले. एवढेच वाचले तर कोणीही म्हणेल, बघा, दोष रक्तातच होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९३ मध्ये चीनमधील बेंझिडीन कामगारांवरचा अभ्यास आला. त्यात मंद गटाला जास्त धोका दिसला नाही. १९९६ मध्ये अहमदाबादच्या कामगारांवरचा अभ्यास आला. बेंझिडीन किंवा त्यापासूनचे रंग बनवणाऱ्या ३३ कामगारांच्या लघवीतील पेशी तपासल्या गेल्या. बेंझिडीनचे अंश त्यांच्या डीएनएला चिकटलेले सापडले, आणि नॅट-२ जलद आहे की मंद यामुळे त्यात फरक पडला नाही. म्हणजे एका रसायनापासून थोडा बचाव करणारे जनुक दुसऱ्या रसायनापुढे उपयोगाचे नाही. 'चांगले रक्त' आणि 'वाईट रक्त' असा प्रकार नसतो.

बेंझिनचेही तसेच. १९९७ मध्ये चीनमधील कामगारांवर झालेल्या अभ्यासात दोन विशिष्ट जनुकीय गुणधर्म एकत्र असलेल्यांना बेंझिनची विषबाधा होण्याचा धोका साडेसात पटींहून अधिक दिसला. पण २००४ मध्ये चीनमध्येच, बुटांच्या कारखान्यातील २५० कामगारांवर झालेल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. हवेत बेंझिनचे प्रमाण एक पीपीएमपेक्षा, म्हणजे अमेरिकेतील कायदेशीर मर्यादेपेक्षा, कमी असतानाही कामगारांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या होत्या. जनुकांमुळे कोणाला आधी आणि कोणाला नंतर, कोणाला जास्त आणि कोणाला कमी, एवढा फरक पडतो. बेंझिनच नसते तर त्या जनुकांनी त्या कामगाराचे काहीच बिघडवले नसते.

तंबाखूबद्दलही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. तंबाखू हे कॅन्सरचे फार मोठे कारण आहे आणि मिश्री, गुटखा, विडी आपल्या वाड्यांत भरपूर आहे. पण तंबाखूमुळे कंपनी सुटत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांवरील अमेरिकी अभ्यासात फक्त ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे पाचपट, फक्त धूम्रपानामुळे सुमारे दहापट आणि दोन्ही एकत्र आले तर पन्नासपटींच्या आसपास आढळला. म्हणजे विडी ओढणाऱ्या कामगाराला रसायनापासून वाचवण्याची गरज अधिक आहे, कमी नाही. "तू तंबाखू खातोस ना?" हा प्रश्न विचारणाऱ्याने "तू कुठल्या प्लांटला होतास?" हाही विचारला पाहिजे.

जनुक हे नवे नशीब होऊ नये

आई-वडिलांकडून थेट आलेल्या तीव्र जनुकीय दोषामुळे होणारे कॅन्सर एकूण कॅन्सरच्या साधारण पाच ते दहा टक्के मानले जातात. २००० मध्ये स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधील सुमारे ४५ हजार जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की बहुतेक कॅन्सरमध्ये वारशाचा वाटा कमी आणि परिस्थितीचा जास्त असतो. परिस्थितीत खाणे, व्यसन, संसर्ग, हवा, पाणी आणि काम हे सगळे येते.

तरीही 'जेनेटिक' या शब्दाला जोर का येतो? कारण तो सोयीचा आहे. जनुक बदलता येत नाही, म्हणून कोणालाच काही करायला नको. हवा खेचणारी यंत्रणा बसवायला नको, गळका पंप बदलायला नको, घातक रसायनाऐवजी दुसरे वापरायला नको. कामगार बदलला की झाले.

असे घडलेले आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात ड्यूपाँ या रसायन कंपनीत कृष्णवर्णीय कामगारांची सिकलसेल गुणधर्मासाठी तपासणी होत होती. १९८० मध्ये ते वर्तमानपत्रांत आले तेव्हा मोठा वाद झाला, कारण तपासणी रसायनाची नव्हे तर माणसाच्या वंशाची होत आहे असे लोकांना दिसले. पुढे बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने मनगटाच्या दुखण्याची भरपाई मागणाऱ्या कामगारांच्या रक्ताची त्यांना न सांगता जनुकीय तपासणी केली. २००१ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर देऊन ते मिटवले. २००८ मध्ये अमेरिकेने नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकीय भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातील जनुकीय आजारांना सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरवली, तो एक आधार आहे.

आपल्या समाजाला हा धोका लवकर कळायला हवा. जन्मावरून माणसाची लायकी, काम आणि भोग ठरवणारी व्यवस्था आपण भोगली आहे. गेल्या जन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्टपणे नाकारला. दुःखाला कारण असते, ते इथे शोधता येते आणि दूर करता येते, ही आपली शिकवण. ज्या महाडला १९२७ मध्ये आपण चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगितला, त्याच महाडमध्ये कॅन्सरला 'रक्तातच होते' म्हणून गप्प बसणे हे आपल्याला शोभणारे नाही.

कोणाच्या वाट्याला कोणते काम

समाजशास्त्राचा साधा प्रश्न विचारू: एका कंपनीत सगळ्यांना सारखेच रसायन लागते का? नाही. कंट्रोल रूममध्ये बसणारा, प्रयोगशाळेत नमुने तपासणारा आणि ड्रम धुणारा यांचा दिवस वेगळा असतो. पावडरच्या बॅगा रिॲक्टरमध्ये ओतणे, सेंट्रीफ्यूजमधून ओला माल काढणे, टाकीत उतरून साफ करणे, सांडपाणी प्रकल्पातला गाळ उचलणे ही कामे बहुतेक ठेकेदाराच्या हेल्परकडे असतात. आणि हेल्पर कोण होतो? ज्याच्याकडे जमीन नाही, ओळख नाही, आयटीआयचा दाखला नाही तो.

आपल्या अनेक कुटुंबांची गोष्ट अशीच आहे. वतन गेले, पोटापुरती जमीन मिळाली नाही. आजोबा मुंबईच्या गिरणीत गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. तिसरी पिढी गावी राहिली किंवा परतली, आणि एमआयडीसीच्या गेटवर उभी राहिली. यात आदिवासी आहेत, इतर गरीब समाजांतील मुले आहेत, उत्तर भारतातून आलेले कामगारही आहेत. रसायन जात विचारत नाही. पण रसायनाच्या सर्वांत जवळ कोणाला उभे करायचे, हे ठरवताना जात, जमीन आणि गरिबी आपले काम करतात.

हेल्पर दोन-तीन वर्षांत ठेकेदार बदलतो, कंपनी बदलते. मूत्राशयाचा कॅन्सर मात्र साधारण पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. तेव्हा त्याच्याकडे सांगायला एवढेच असते: "पिवळी पावडर असायची, वास उग्र यायचा." टाटा रुग्णालयात उपचार होतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून खर्चही निघू शकतो. पण केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'मजूर' किंवा 'शेती' लिहिले जाते, आणि तिथेच पुरावा संपतो. मुंबईत १९६० च्या दशकापासून आणि बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंदवही आहे. महाड-पोलादपूरच्या कामगाराची कामासकट नोंद ठेवणारी वही नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही, असे हे चक्र आहे.

कायद्यात काय आहे

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची आरोग्य नोंद अद्ययावत ठेवणे आणि ती कामगाराला पाहता येणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि त्या कामावरून गेल्यानंतरही, बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता करायची, असे कलम ४१-सी मध्ये होते. 'कामावरून गेल्यानंतरही' हे शब्द किती तरुणांनी ऐकले आहेत? कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवणे बंधनकारक असलेल्या २९ आजारांत 'व्यवसायजन्य कॅन्सर' होता आणि बेंझिनची विषबाधाही होती. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचे असे.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यातील जे उशिराचे असेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. हा आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगासाठी होता. पण उशिरा उगवणाऱ्या आजाराला लांब पल्ल्याची नोंद लागते, हे तत्त्व रंग आणि बेंझिनच्या कामालाही तितकेच लागू पडते.

आता नवी संहिता. तिच्यात आजार कळवण्याची तरतूद आहे, धोकादायक प्रक्रियांसाठी आरोग्य नोंदी आणि तपासणीची तरतूद आहे, आणि मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचाही उल्लेख आहे. हे स्वागतार्ह आहे. पण कारखान्याची व्याख्या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी २० कामगारांपासून सुरू होते, आणि कंत्राटी कामगारांविषयीचा भाग ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होतो. चाळीस-पंचेचाळीस माणसांचे तीन ठेकेदार एका गेटवर उभे करणे अवघड नसते. आणि वार्षिक तपासणी म्हणजे काय? वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे आणि सही? बेंझिनच्या कामगाराला रक्तपेशींची तपासणी हवी, ॲरोमॅटिक अमाइन्सच्या कामगाराला लघवीची. ज्या रसायनात काम, त्यानुसार तपासणी, हे नियमांत आणि प्रत्यक्षात आले नाही तर 'मोफत तपासणी' हे फक्त शिबिराचे बॅनर राहील.

आपण काय करायचे

आंदोलन हवेच, पण आधी कागद हवा. आम्ही पोलादपूर-महाडच्या तरुणांपुढे काही साधी कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक विहारात एक 'कामाची वही' सुरू करा. कंपनीत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात लिहावे: कोणत्या वर्षी, कोणत्या कंपनीत, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या प्लांटला, नेमके काय काम, ड्रमवर कोणते नाव आणि कोणता कॅस नंबर होता. गेटपास, पगाराची पावती, ईएसआय आणि पीएफ नंबर यांचे फोटो जोडावेत. वीस वर्षांनी हीच वही पुरावा ठरेल. ही माहिती खासगी आहे. ज्याची नोंद त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये.

दुसरे, हाताळत असलेल्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला कंपनीत एमएसडीएस म्हणतात, मागा. ते मराठीत समजावून सांगण्याची मागणी करा. एकट्याने मागितले तर काम जाण्याची भीती असते. म्हणून युनियनने, संघटनेने किंवा पाच-दहा जणांनी सहीनिशी मागावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्यातून किती व्यवसायजन्य आजार कळवले गेले, हे दरवर्षी विचारावे.

तिसरे, लक्षणे लपवू नका. दुखत नसतानाही लघवीतून एकदा जरी रक्त गेले तरी डॉक्टरांकडे जा, आणि "मी अमुक रसायनात इतकी वर्षे काम केले" हे स्वतःहून सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. वारंवार ताप, अशक्तपणा, अंगावर काळेनिळे डाग असतील तर रक्त तपासा. लवकर सापडलेला मूत्राशयाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

चौथे, ॲरोमॅटिक अमाइन्स आणि बेंझिन कातडीतूनही शरीरात जातात. नुसत्या मास्कने भागत नाही. कामाचे कपडे कंपनीतच बदलण्याची आणि धुण्याची सोय मागा. ती नसेल तर ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. ते धुणाऱ्या आईच्या, बायकोच्या हातालाही तीच पावडर लागते.

पाचवे, ईएसआय कापला जात असेल तर व्यवसायजन्य आजाराचा लाभ त्या कायद्यात आहे. ईएसआय नसेल तर १९२३ च्या भरपाई कायद्यात परिशिष्टातील आजारांना कामावरच्या इजेसारखे मानले होते. सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय आता आला आहे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: तू तिथे काम केलेस याचा पुरावा काय?

आणि शेवटचे. कोणी नोकरीसाठी किंवा विम्यासाठी रक्ताची 'जेनेटिक टेस्ट' मागितली तर कशासाठी, अहवाल कोणाकडे जाणार, हे लेखी विचारल्याशिवाय सही करू नका. घरात कमी वयात स्तनाचा किंवा आतड्याचा कॅन्सर अनेकांना झाला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जनुकीय तपासणी जरूर करावी; ती आपल्या उपचारासाठी आहे. मालकाने माणूस गाळण्यासाठी केलेली तपासणी ही वेगळी गोष्ट आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास, आरोग्य विमा, खाणकामगारांचे कल्याण हे विषय त्यांनी सरकारच्या टेबलावर आणले. त्या वारशाचे आपण फक्त जयंतीला स्मरण करतो. महाडच्या गेटवर उभ्या असलेल्या मुलाचे रक्त जलद आहे की मंद, हे त्याने निवडलेले नाही. त्याच्या नाकातोंडात काय जावे, हे मात्र कोणीतरी ठरवते. जे ठरवतात त्यांना जाब विचारणे, आणि त्यासाठी आजपासून नोंद ठेवणे, हे आपले काम आहे.

जय भीम.